काताच्या रंगाची नऊ अंडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाही नीट उमगलेलं नाही.

वरव्याला आमच्या घरी मी थर्मोकोलच्या खोक्यात अंडी उबवते. आत एक बल्ब, पाण्याची वाटी, झालं. सातव्या दिवशी दुपारी धान्याची खोली बंद करायची, फटींना गोणपाट लावायचं आणि मोबाईलच्या बॅटरीवर एकेक अंडं धरायचं. काय सांगू — आख्खं अंडं आतून शेंदरी होतं, त्यात केसाएवढ्या लाल शिरा, मध्ये हलणारा ठिपका. मी तशीच बघत बसायचे. बाहेर कोण हाका मारतंय तेही कानावर यायचं नाही. ज्यात जीव धरलेला नसेल ते नुसतं पिवळं दिसतं. ते वांझ. मी सांगेन ते खरं निघायचं. पार किकवीहून बायका अंडी दाखवायला यायच्या, आणि मी — खोटं कशाला बोलू — हवेत असायचे.

गऊमावशी म्हणजे आईची मानलेली बहीण, वेल्ह्याच्या वरच्या वाडीतली. तिची एकुलती एक कोंबडी मुंगसानं नेली. मागं राहिला म्हातारा कोंबडा आणि ही नऊ अंडी. काताच्या रंगाची, गडद. तशी अंडी देणारी दुसरी कोंबडी वाडीत नव्हती. कोंड्याच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून तिनं ती माझ्याकडं आणली.

सातव्या दिवशी ती मुद्दाम परत आली. बंद खोलीत मी आधी माझी अंडी दाखवली. ती हरखून गेली. मग तिचं अंडं धरलं — आणि नुसता काळोख. दुसरं, तिसरं, तेच. गडद कवचातून उजेड शिरतच नव्हता. अशी अंडी चौदाव्या दिवशी बघायची असतात, मला ठाऊक होतं. मला दिसत नाही, एवढंच म्हणायचं होतं ना? मग जीभ का वळली नाही?

"काय दिसतंय का गं?"

"न्हाई मावशी. समदी वांझ हाईत. तुझा कोंबडाच थकला आसंल."

"तुला दिसतंय म्हंजी खरंच आसंल," म्हणाली, आणि एसटी गाठायला निघाली.

मी अंडी उकिरड्यात पुरायला नेली. एक हातातून निसटून दगडावर फुटलं. आत लाल जाळं होतं. मध्ये ठिपका — धडधडत होता. थांबेपर्यंत मी तिथंच बसले.

आणि आता ऐका, खरं पाप पुढंच आहे. आठ अंडी अजून कोमट होती. खोका दहा पावलांवर. ठेवली असती तर पिल्लं निघाली असती — पण मग मावशीला काय तोंड दाखवलं असतं? मी खड्डा केला. आठही पुरली.

पुढच्या आठवड्यात मावशीनं कोंबडा कापला. वांझोटा कशाला पोसायचा, म्हणाली. माझ्यामुळं निदान कळलं तरी, म्हणून रश्श्याचा पहिला डबा तिनं मला आणून दिला. मी खाल्ला. समोर बसून तिनं अजून वाढला, आणि मी तोही खाल्ला.