शंभराच्या जागी ऐंशी

बोरीच्या एसटीत शेजारी बसलेल्या मावशींनी मसाल्याचे दोन पुडे माझ्या हातात दिले, एक रिकामा आणि एक भरलेला.

"ह्यो गेल्या सालचा, ह्यो औंदाचा. वाच बरं, बाळा."

त्यांनी सांगितलं, गावच्या बुद्धविहारातल्या जेवणाची भाजी कायम त्याच करत. एका पातेल्याला दोन पुडे, हे त्यांचं माप. यंदा भाजी फिकी झाली. "म्हातारीचा हात गेला," म्हणत लोकांनी पुढच्या जेवणाला दुसरीला सांगितलं.

पुडा तेवढाच, चित्रही तेच. मुंगीएवढ्या अक्षरांत मात्र शंभराच्या जागी ऐंशी ग्रॅम. कायदा पाळून केलेली ही चोरी, आणि बोल या बाईला!

मी दोन्ही आकडे त्यांना वाचून दाखवले.

"मंजी माझा हात न्हाई गेला! अन् मी येडी रडत बसले."

बोरी येताच त्या घराकडे न वळता, पुडे घेऊन तडक विहाराकडे निघाल्या.