शिवलेले खिसे

देवाला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण दुसऱ्याच्या पैशाला भिणारा माणूस म्हणाल तर उभ्या नाशकात एकच, आमच्या चर्चचे पाळकसाहेब. वाघ समोर आला तर त्यालाही सलाम घालून ते पुढे गेले असते, पण कुणी हातात पाकीट ठेवलं की कपाळाला घाम फुटायचा. उपासनेच्या पांढऱ्या झग्याला शिंप्याने रीतीप्रमाणे दोन खिसे ठेवले होते. ते त्यांनी आल्याच आठवड्यात पाळकीणबाईंकडून शिवून घेतले. मी विचारलं, तर म्हणाले, "बंधू, खिसा मोकळा असला की हाताला तिकडे जायची सवय लागते." आता यावर काय बोलणार, कपाळ!

मी ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, चर्चच्या पंच कमिटीत आहे आणि डोक्याने जरा तापट आहे. दानपेटीला दोन कुलपं होती. एक चावी माझ्याकडे, दुसरी खजिनदारबाईंकडे, साहेबांकडे एकही नाही. पेटी उघडायची तर दार सताड उघडं ठेवून, चारचौघांसमोर. चर्चच्या विजेवर ते स्वतःचा फोनसुद्धा चार्ज करत नसत. फोन मान टाकायचा आणि हे उपासना संपवून घराकडे पळायचे. एकदा गंगापूर रोडला नव्या घरी प्रार्थनेला गेले, तर यजमानीणबाईंनी पाचशेची नोट पुढे केली. "ही मला की चर्चच्या मंडळीला?" साहेबांनी विचारलं. ती बिचारी गांगरली आणि म्हणाली, "देवाला." झालं! ती नोट दोन बोटांच्या चिमटीत धरून साहेब रिक्षाने थेट माझ्या दारात. मी जेवायला बसलेलो. "बंधू, आधी दुसरा साक्षीदार बोलवा." दुसरा साक्षीदार म्हणून माझ्या बायकोने ओल्या हाताने पावतीवर सही केली आणि माझं वरण गार झालं ते झालंच. रिक्षाचं भाडं अर्थातच त्यांच्या पदरचं.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण चर्चचं छत आलं डोक्यावर. वासे कुजले होते. एका रविवारी ऐन उपदेशात कौल सुटलं आणि पहिल्या बाकाशेजारी फुटलं. तिथे एरवी बसणारी पोरं त्या दिवशी गावाला गेली होती म्हणून वाचली. दुरुस्तीचा आकडा ऐकून खजिनदारबाई मटकन खालीच बसल्या.

अशात कापणीचा सण आला. आमच्यात त्या दिवशी जो तो घरचं काहीबाही आणून देवापुढे ठेवतो, भोपळा, कोंबडी, द्राक्षांची पेटी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. घेणाऱ्याने वस्तू पुन्हा देवाला दिली तर ती परत लिलावात फिरते. साहेबांच्या अंगणातलं एक लिंबू त्या वर्षी लिलावात निघालं. कुणी वीस म्हणालं, कुणी शंभर. तेवढ्यात मंडळीतले एक बिल्डर उठले आणि म्हणाले, "एक लाख!" अहो, टाळ्यांनी उरलीसुरली कौलं पडायची! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं मीच मोठ्याने बोललो.

दुसऱ्या दिवशी बिल्डर पैसे घेऊन कमिटीत आले. लिंबूही सोबत होतं. नोटा टेबलावर ठेवत सहज म्हणाले, "पावती तेवढी तीन लाखांची करा. मला टॅक्सच्या हिशेबात लागते."

पावतीवर सही साहेबांची लागणार होती. माझं डोकं सणकलं. त्यांना बाजूला ओढून मी म्हणालो, "साहेब, पुढचं कौल पोराच्या डोक्यात पडलं म्हणजे? आणि या माणसाच्या वरपर्यंत ओळखी आहेत. तुमच्या मुलीचं बारावीचं वर्ष. बदली झाली तर कुठे नेणार तिला?"

त्यांचा हात थरथरत होता, मला स्पष्ट दिसत होतं. "भीती वाटते हो, बंधू," ते हळूच म्हणाले. "पण आज सही केली ना, तर पुढच्या वेळी हात थरथरणार नाही." मग टेबलापाशी जाऊन त्यांनी नोटांना बोटही न लावता सांगितलं, "शेठ, दिले तेवढ्याचीच पावती मिळेल."

"मग तुमचं लिंबूही ठेवा," बिल्डर म्हणाले आणि नोटा उचलून गेले. दोन पंच त्यांच्या मागोमाग गेले. मी साहेबांना नको नको ते बोललो. ते ऐकून घेत उभे राहिले.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं आणि सगळ्यांची तोंडं फुगलेली. साहेब ते सुकलेलं लिंबू घेऊन पुढे आले. "मागचा लिलाव मोडला. लिंबू पुन्हा मंडळीचं झालं आहे," एवढंच म्हणाले. कुणी बोली लावेना. कुणीतरी खोकलं. साहेबांचा लिंबू धरलेला हात तसाच वर, चेहरा पांढराफटक. मग मागून, धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका मावशी ओरडल्या, "माझे पन्नास! लिंबू नाय पाहिजे, फिरवा पुढं!"

"पाचशे!" मी खेकसलो. बायकोने चिमटा काढला, तो कमी म्हणून की जास्त म्हणून, कोण जाणे. मग काय! जो तो लिंबू घेई आणि परत देई. पोरींनी खाऊचे पैसे दिले, म्हाताऱ्यांनी पेन्शनमधले दिले. शेवटी लिंबू साहेबांनीच स्वतःच्या पैशाने घेतलं, पावती मागून घेतली, आणि पाळकीणबाईंनी त्या एका लिंबाचं सगळ्या मंडळीला पुरेल एवढं सरबत केलं. लिंबाचा वाससुद्धा नव्हता त्याला. मी दोन पेले प्यालो.

पैसे अर्ध्या छताचे जमले. साहेबांनी पोरं बसतात ती बाजू आधी करून घेतली. कोण कुठे काय बोललं मला ठाऊक नाही, पण महिन्याभरात बदलीचा कागद आला. मुलीला परीक्षेपर्यंत आमच्याकडे ठेवा म्हणून मीच हट्ट धरला, तर म्हणे, "तिच्या जेवणाचे पैसे घ्याल तर ठेवतो." घेतले, करता काय!

शेवटच्या उपासनेनंतर ते दारात उभे राहून एकेकाचा हात हातात घेत होते. माझा नंबर आला तसा मी त्यांना गच्च मिठी मारली आणि घडी घातलेल्या काही नोटा गुपचूप त्यांच्या झग्याच्या खिशात सारायला गेलो. बोटं नुसतीच टाक्यांवरून घसरली. मी विसरूनच गेलो होतो.

त्यांना कळलं. "बंधू," कानाशी म्हणाले, "चारचौघांसमोर द्या की." आणि हसले. मला हसू येईना. त्या नोटा दुसऱ्या रविवारी मी दानपेटीत टाकल्या. आमच्या बाजूचं छत अजून गळतं. बायको म्हणते, पलीकडे कोरड्यात बसू. मी बसत नाही.