ओला बांबू

हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. उलट मुलांची काळजी घेणारी बाई म्हणून आयुष्यभर शाबासकी घेत राहिले — त्याचीच आता चीड येते.

ऐंशीच्या दशकात चिमूरकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी तिसरीला शिकवत होते. वीज नुकतीच आली होती आणि तिच्या मागोमाग एक भलताच उद्योग — रानडुकरांसाठी धानाच्या बांधीभोवती, म्हणजे भाताच्या खाचराभोवती, उघडी तार ओढायची आणि रात्री तिच्यात करंट सोडायचा. माणसं, ढोरं जातात तिथून! याला काय शेती म्हणायचं?

म्हणून मी मुलांना शॉक समजावला. ओल्या हातानं बटण दाबू नका. कोणी तारेला चिकटलं तर हात लावू नका, लाकडानं तार ढकला — लाकडातून करंट जात नाही. टेबलावरची पट्टी उचलून दाखवली. आठ वर्षांच्या पोरांना हे सांगायचंच कशाला? मोठ्यांना हाक मारा, एवढं पुरे होतं. आणि सांगितलं तर सांगितलं, वाळलेलं लाकूड म्हणायचं — ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

श्रावणात एका सकाळी गावाजवळच्या एका शेताचा मालक करंट बंद करायचा विसरला. माझ्या वर्गातल्या कुंदाची शेळी तारेला चिकटली. पोरीनं हात लावला नाही. शिकवलं तसंच केलं — पावसात भिजलेला हिरवा बांबू उचलला आणि तार ढकलली. ओल्या बांबूतून तिला शॉक बसला. तिचा जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र कायमची आखडली.

मालकावर सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडले. चारचौघांत त्याची लाज काढली. मग कुंदाला बघायला तिच्या घरी गेले, तेव्हा तिच्या आईनं विचारलं, "बाई, तुमी पोरीले काय शिकवलं होतं?"

मी म्हणाले, वाळलेलं लाकूड घ्या म्हणून सांगितलं होतं, हिनंच लक्ष दिलं नाही.

खाटेवरून कुंदा म्हणाली, "बाई, तुमी वाळलं म्हटलंच नाई."

आईनं तिच्या थोबाडीत मारली. "काऊन वं, बाई खोटं बोलतीन का?"

मी तिथंच उभी होते. गप्प. नोकरी जाईल म्हणून? छे — गावातला मान जाईल म्हणून. एवढ्यासाठी!

दिवाळीनंतर कुंदा शाळेत आली. पहिलीच्या पोरांना हात दाखवून सांगत होती, "बाईनं वाळलं लाकूडच सांगतलं होतं. मीच आयकलं नाई." टोमणा नव्हता तो. तिला ते खरंच वाटत होतं.

मी ऐकलं आणि वर्गात जाऊन हजेरी घ्यायला लागले.