ते बाई गेली कुठी?

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन वाशीमला झालं आणि तिचं करायला आम्ही दोघी बहिणी कामरगावला माहेरी आलो. टीव्ही बघू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईनं ते इतकं मनावर घेतलं की टीव्ही लागला की ती काळा चष्मा घालून भिंतीकडे तोंड करून बसायची. पण पिच्चर सोडायचीही तयारी नाही. मग काय चाललंय ते मी सांगायचं. माझं तोंड तसंही दिवसभर चालूच असतं.

त्या दुपारी नवरा, बायको आणि तिसरी असा पिच्चर लागला. मी घाईनं चॅनल बदलायला उठले, तर ताई म्हणाली, "राहू दे."

ताईच्या नवऱ्याचंही वाशीमला असंच एकीशी चालू होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण विषय निघाला की भावाला दुकान आठवायचं आणि वहिनीला कुकर. संध्याकाळी भाऊजी ताईला न्यायला येणार होते. तिला जायचं नव्हतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं, आणि मी तरी काय करणार? घर भावाचं, मीही चार दिवसांची पाहुणीच.

आज मी सांगायचं टाळत होते, आई नुसती कान देऊन ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बायको चांगली हाये व त्याची. किती गोड बोलते. ते दुसरी कायले घरात घुसून कचकच करून राह्यली?"

ताईला हसू फुटलं. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली ती. "माय, जे कचकच करून राह्यली ना, तेच बायको हाये."

"मंग अशी कायले बोलते?"

"मंग कशी बोलन?" ताईचं हसणं थांबलं होतं.

आईनं चष्मा उगाच सारखा केला. आता तरी ती काही विचारेल असं मला वाटलं. तिनं विचारलं ते मलाच, की आता काय दाखवून राह्यले. मला तिचा भयंकर राग आला. तरी मी सांगायला लागले.

शेवटी पिच्चरमधल्या बायकोनं बॅग भरली. दार उघडून निघाली, लांब रस्त्यावरून चालत राहिली आणि नावं यायला लागली.

"संपला?" आई म्हणाली. "ते बाई गेली कुठी?"

"दाखवलं नाही."

"असं कसं? रात्री झोपन कुठी ते?"

"मायच्या घरी गेली असंन," ताई म्हणाली.

मी हातातला रिमोट घट्ट धरून बसले. आईनं फक्त 'राह्य' म्हणायचं होतं, बाकी काही नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला होता. आईचं तोंड भिंतीकडेच होतं.

"माय तरी कशी ठेवन तिले," ती म्हणाली. "मायच दुसऱ्याच्या हातचं खाते."

ताईनं टीव्ही बंद केला आणि पिशवी भरायला आत गेली. मी तिच्या मागे गेले, साड्यांच्या घड्या घालून दिल्या. दुसरं काही सुचलं नाही.

भाऊजी आले. चहा घेतला, आईच्या डोळ्याची नीट चौकशी केली, थेंब वेळेवर टाका म्हणाले. वाईट वागले असते तर मला बरं वाटलं असतं. आई पदर सावरून म्हणत होती, "जेवून जा न जवाईबापू." त्यांना घाई होती.

ताई आणि भाऊजी बाहेर पडले तशी आई भिंत चाचपत दारापर्यंत आली. उजेड लागू नये म्हणून तिनं मान खाली घातली आणि माझा दंड धरला.

"काय करून राह्यली ते?"

"गाडीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली."

"आता?"

"निघाले."

तिची बोटं माझ्या दंडात रुतली. "मांगं पाह्यलं का तिनं?"

"पाह्यलं," मी म्हटलं.

ताईनं पाहिलं नव्हतं.