अक्का आणि त्यांची विलायती

अक्का गाडीत दार उघडून कधी बसल्या नाहीत. एका हाताने गाडीचा काठ धरायचा, दुसऱ्या हाताने नऊवारीचा सोगा सावरायचा आणि शेताचं कुंपण ओलांडावं तसा पाय टाकून आत उतरायचं. गाडीला टप नव्हता, जागा दोघांपुरती, आणि ती इतकी बुटकी की आत बसलेल्या अक्का रस्त्यावरच्या म्हशीच्या पोटाखालून पाहत असल्यासारख्या वाटायच्या. दाराची कडी केव्हाच मोडली होती. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दुरुस्त केली असती, पण आता सवय झाली. दारातून गेलं की मला पाहुण्यासारखं वाटतं."

धुळ्यात त्या गाडीला सगळे विलायती म्हणत. अक्कांचे यजमान, भाऊसाहेब, रुईचे व्यापारी. एका गिरणीचा गोरा मॅनेजर कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्यांनी ती त्याच्याकडून हौसेने घेतली. भाऊसाहेब लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. दीर-पुतण्यांनी गाडी विकून टाकायचा आग्रह धरला, तेव्हा अक्कांनी देवपुरातल्या घराच्या अंगणात स्वतःच ती मागेपुढे करायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तुळशीचा कट्टा पाडला, दुसऱ्या दिवशी फाटक. मग गवंड्याने दोन्ही नीट केली आणि अक्कांना गाडी येऊ लागली.

मी अक्कांना भेटले ती ऐंशीच्या दशकात. लग्न होऊन जळगावहून धुळ्याला आले होते आणि विमा कंपनीच्या शाखेत नुकसानभरपाईच्या टेबलावर नवीनच लागले होते. हमरस्त्यावर एका बैलगाडीच्या जुवाचा धक्का बसून विलायतीचा पुढचा दिवा आणि मडगार्ड गेलं होतं. साहेबांना ते काम क्षुल्लक वाटलं, म्हणून माझ्याकडे आलं. आमच्याकडे एक तक्ता असे. गाडी जितकी जुनी तितकी तिची किंमत कमी करत जायची. मी अंगणात उभी राहून हिशेब करत गेले, तर विलायतीची किंमत शून्याच्याही खाली जायला लागली. मी गोंधळून तसं सांगितलं.

"म्हणजे मडगार्ड तुमचं मोडलं असं समजून मीच कंपनीला पैसे द्यायचे का?" अक्का म्हणाल्या आणि इतक्या मोकळेपणाने हसल्या की मलाही हसू आवरेना. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "तुझा तक्ता खोटा नाही गं. अँबॅसिडरला बरोबर लागतो. एक गेली तर दुसरी मिळते ना, म्हणून तिची किंमत ठरवता येते. हिच्यासारखी दुसरी कुठे आहे? कशाशी ताडून बघणार?"

शेवटी दिव्याचे पैसे मंजूर झाले, मडगार्डचे नाही. अक्कांनी तक्रार केली नाही. उलट निघताना मला विचारलं, "बसने आलीस? ऊन काय पडलंय! तुला गाडी चालवता येत नाही?" येत नाही म्हटल्यावर त्यांनी फार मोठी उणीव सापडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "रविवारी सकाळी ये," म्हणाल्या.

ते रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले रविवार. पांझरेचा पूल ओलांडला की अक्का जागा बदलायच्या आणि मला स्टिअरिंगवर बसवायच्या. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे मुख्यतः गप्प बसणं. मी भलताच गिअर टाकला आणि गाडी करकरली, की त्या फक्त म्हणत, "ऐकलंस? ती काय म्हणाली?" समोरून ट्रक आला की मी गाडी रस्त्याखाली उतरवायला बघे. तेव्हा म्हणायच्या, "त्याला त्याचा रस्ता आहे, तुला तुझा. तू का खाली उतरतेस?" हे वाक्य त्या इतरही प्रसंगी वापरत. माझ्या सासूबाईंना माझं गाडी शिकणं पसंत नव्हतं. मी ते अक्कांना रडवेली होऊन सांगितलं, तेव्हाही त्या एवढंच बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी तिखटजाळ डाळगंडोरी आणि कळण्याची भाकरी घेऊन थेट सासूबाईंकडे जेवायला आल्या. दोघी दुपारभर बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला कधीच कळलं नाही. पुढच्या रविवारी मात्र सासूबाईंनीच मला हाक मारून उठवलं.

वर्षभराने शिरपूरच्या बाजूला एक ट्रक उलटला. माल सगळा रस्त्यावर पडलेला, त्याच दिवशी पाहणी करणं भाग होतं, आणि आमच्या जीपचा ड्रायव्हर आलाच नव्हता. साहेबांनी खोलीतल्या पुरुषांकडे एकेक करून पाहिलं. सगळे स्कूटरवाले. मी म्हटलं, "मी नेते." त्या दिवसापासून मला बाहेरची कामं मिळू लागली आणि पुढे माझी सगळी नोकरी त्या कामांवरच उभी राहिली. संध्याकाळी जीप घेऊन मी आधी अक्कांच्या दारात गेले. त्या बाहेर आल्या, जीपभोवती फिरल्या, टायरला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "दमलीस का?" बस, एवढंच. पण त्या रात्री त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अक्कांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एके सकाळी पुलावर समोरची सायकल त्यांना अगदी जवळ येईपर्यंत दिसली नाही. कुणाला काही लागलं नाही, पण अक्कांनी गाडी तिथेच कडेला घेतली, जवळच्या दुकानातून मला फोन करून बोलावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "घरी ने. आता मी चालवणार नाही." वाटेत त्या शेजारी ताठ बसल्या होत्या. घर आल्यावर म्हणाल्या, "उभी राहिली तर गंजून जाईल. कुणी चालवणारा भेटला तर बघ."

मी माझ्या ओळखीच्या दोनचार लोकांना सांगून ठेवलं. ते कानोकानी कुठवर गेलं कोण जाणे. महिनाभरात मुंबईहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या शोधून हौशी श्रीमंतांना विकणं हा त्यांचा धंदा. विलायती पाहिल्याबरोबर ते अंगणातल्या मातीत गुडघे टेकून बसले. ज्या छोट्या कारखान्यात ती बनली तो दुसऱ्या महायुद्धात बंद पडला, फार थोड्या गाड्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेक राहिल्या नाहीत आणि आपल्या देशात ही एवढीच असावी, असं त्यांनी सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा हळू झाला होता. मग ते बॉनेट उघडायला पुढे झाले.

"उघडायच्या आधीच सांगते," अक्का म्हणाल्या, "इंजिन फियाटचं आहे."

त्या गृहस्थांचा चेहरा पडला. म्हणाले, "बाई, मग निम्मी किंमतसुद्धा यायची नाही. अशा गाडीला तिचं मूळचं इंजिन असलं तरच अर्थ. गाडीवर आणि इंजिनावर नंबर कोरलेले असतात, ते जुळावे लागतात. मूळ इंजिन भंगारात गेलं असेल ना?"

"भंगारात कशाला? नरडाण्याला पाणी उपसतंय."

मलाही हे नवीन होतं. मग अक्कांनी सांगितलं. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात नरडाण्याजवळच्या त्यांच्या शेताशेजारी सीताराम नाना म्हणून एक शेतकरी होते. विहिरीत खोल थोडं पाणी होतं, पण मोटेने ते हाती लागत नव्हतं, आणि पंप घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. अक्कांनी मिस्त्रीला बोलावून विलायतीचं इंजिन उतरवलं आणि विहिरीवर पंपाला जोडून दिलं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि मग रॉकेलवर चालवायचं. गाडी काही वर्षं बिनइंजिनाची अंगणात उभी राहिली. पुढे फियाटचं इंजिन मिळालं तेव्हा ते तिला बसवलं. नानांना दिलेलं परत आणायचं अक्कांच्या मनातही आलं नाही.

आम्ही तिघं जीपने नरडाण्याला गेलो. नानांच्या शेतात आता विजेची मोटर होती, पण वीज वरचेवर जायची, तेव्हा जुन्या इंजिनाचाच आधार. नानांनी त्याला पत्र्याचं छप्पर केलं होतं. दसऱ्याचं कुंकू अजून त्यावर होतं. मुंबईच्या गृहस्थांनी रुमालाने एक कोपरा घासला, नंबर वाचला आणि गाडीवरून टिपून आणलेल्या नंबराशी ताडला; तो जुळला. मग रुमाल खिशात ठेवून ते नानांना म्हणाले, "हे आता जुनं झालं, नाना. मला द्या. मी तुम्हाला नवंकोरं डिझेल इंजिन बसवून देतो."

नाना हरखले. नवं इंजिन! ते हो म्हणणारच होते. अक्का विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. त्या उठल्या. नानांशी बोलताना त्यांची भाषा बदलायची.

"थांब नाना. हा सांगस ते आयकू नको. या लोखंडनी किंमत मनी बठ्ठी गाडीइतली शे."

एका जुन्या इंजिनाची किंमत सगळ्या गाडीइतकी, ही नानांना आधी थट्टाच वाटली. मग अक्कांचा चेहरा पाहून ते म्हणाले, "मंग तर इंजिन तुनंच शे अक्का. ली जाय."

"मनं नही. तुले दिधं व्हतं मी."

"दिधं तव्हय पैसा लिधा व्हता का तू? मंग आते मी कसा लेऊ?"

दोघंही हटेनात; दिलेलं इंजिन परत घ्यायला अक्का तयार नव्हत्या आणि त्याचे पैसे घ्यायला नाना. मुंबईचे गृहस्थ मध्ये पडले. हळूच अक्कांना म्हणाले, "बाई, ते नव्या इंजिनावर खूश होते. तुम्ही कशाला त्यांच्या डोक्यात घालता?"

"त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून खूश होते," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच प्रथम ऐकला. "गाडीचे दोन मालक आहेत, साहेब. दोघांना सारखे पैसे आणि नानांना नवं इंजिन वेगळं. जमत नसेल तर गाडी माझ्या अंगणात राहील आणि हे इथे पाणी उपसत राहील."

गृहस्थ बांधापर्यंत गेले. चालत जाऊन लांब उभे राहिले. आता हे निघून जाणार असं मला वाटलं. अक्कांना त्या पैशांची गरज होती हे मला माहीत होतं. डोळ्यांचे उपचार चालू होते, आणि पुतण्यांपुढे हात पसरण्यापेक्षा त्या उपाशी राहिल्या असत्या. पण त्या पुन्हा विहिरीच्या काठावर बसून नानांना कापसाचं काय झालं ते विचारत होत्या, जणू सौदा दुसऱ्याच कुणाचा होता. थोड्या वेळाने गृहस्थ परत आले आणि म्हणाले, "मान्य."

नानांनी टोपी काढली, हातात फिरवली. "तू म्हनशी तसं," एवढंच बोलले. त्या पैशांतून नानांनी शेजारचा जमिनीचा तुकडा घेतला. तोवर तो दुसऱ्याच्या नावावर होता आणि नाना तो वाट्याने कसत होते.

विलायती ट्रकवर चढली तेव्हा देवपुरातली निम्मी माणसं जमली होती. अक्का ओसरीवर उभ्या होत्या. त्यांना ट्रक धूसरच दिसत असणार. तो वळणावरून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "गेली का?" मी हो म्हटलं. मग त्या आत चहा टाकायला गेल्या.

पुढे माझी बदली जळगावला झाली. धुळ्याला आले की मी अक्कांकडे जायचे. एकदा त्या मुंबईच्या गृहस्थांशी कामानिमित्त बोलणं झालं, तेव्हा कळलं की गाडी नीट जोडून त्यांनी परदेशातल्या एका संग्राहकाला विकली होती. आकडा ऐकून माझं डोकं फिरलं. अक्कांना जे मिळालं ते त्यापुढे काहीच नव्हतं. मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "अक्का, आपण फसलो."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो चालवतो का गं ती?"

"नाही. काचेच्या दालनात ठेवलीय. रस्त्यावर काढत नाहीत. एक ओरखडा आला तरी किंमत उतरते."

अक्का कुणा नातेवाइकाची वाईट बातमी कळावी तशा हळहळून म्हणाल्या, "महाग झाली बिचारी."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटचे काही महिने त्यांना अजिबात दिसत नव्हतं, पण कुणी आलं की पावलांवरून ओळखायच्या. त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जळगावहून निघाले. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुतणे आत बोलत होते. ओसरीच्या पायरीवर सीताराम नाना एकटेच बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले. नाना खूप थकले होते. म्हणाले, जमीन घेतली तेव्हा अक्काला विचारलं, नातीला पुढं शिकवायचं का तेही अक्काला विचारलं, घराला कौलं घालायची की पत्रे, तेसुद्धा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आते कोनले इचारू?"

माझंही तसंच होतं. मी त्यांचा हात धरून उठवलं, माझ्या गाडीत बसवलं आणि नरडाण्याला सोडायला निघाले. वाटभर आम्ही अक्कांचंच बोलत होतो, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तुळशीचा कट्टा पाडला होता त्या गोष्टीला तर दोघंही मोठ्याने हसलो.