मंद्रूपहून येणारं दूध

बाळाचं वजन सलग सहाव्या दिवशी जिथल्या तिथे. बाराशे चाळीस ग्रॅम. काटा बिघडला असेल म्हणून मी दुसऱ्या काट्यावर ठेवून पाहिलं. तिथेही तेच.

मी तेव्हा सोलापुरात एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूची, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची, इन्चार्ज सिस्टर होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी सकाळी ड्युटीची वेळ झाली की अजून चुकल्यासारखं होतं. ती उबदार खोली, मॉनिटरचे आवाज, मुठीएवढी तोंडं. फार जीव होता माझा त्या खोलीवर.

हे बाळ मंद्रूपच्या पूजाचं, सातव्या महिन्यातच झालेलं. तिला डिस्चार्ज मिळाला होता, बाळ आमच्याकडे. ती रोज सकाळच्या एसटीनं यायची, थर्मासमध्ये बर्फात दुधाच्या दोन बाटल्या घेऊन. ते दूध आम्ही बाळाला नळीनं द्यायचो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वाढायला प्रोटीन जास्त लागतं. नुसत्या आईच्या दुधातून ते पुरत नाही, म्हणून त्यात फॉर्टिफायर नावाची पावडर मिसळतात. पुरतंय की नाही, याचा अंदाज रक्तातल्या युरियावरून येतो. प्रोटीन कमी पडलं की युरियाही उतरतो. या बाळाचा पार तळाला गेला होता.

आमच्या विभागाच्या डॉक्टर सरांनी पावडर वाढवली. फरक शून्य. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सिस्टर, दुधात पाणी तर पडत नाही ना? बघा जरा.’

माझं डोकं फिरलं. पूजाला शेजारच्या खोलीत नेलं, हातात स्वच्छ वाटी दिली आणि माझ्यासमोर दूध काढायला सांगितलं. वीस मिनिटं झाली. वाटीचा तळसुद्धा झाकला नाही.

‘मग रोज दोन बाटल्या येतात कुठनं?’

‘जावंचं हाय,’ ती खाली बघत म्हणाली. ‘तिचं पोरगं आट महिन्यांचं हाय. लई दूध येतं तिला.’

‘सांगितलं का नाहीस?’

‘तुमीच म्हनला की, दूध आणलं तरच आत सोडीन. मला येतच नव्हतं. पोराला बगायचं हुतं मला.’

म्हटलं होतं मी तसं. आया कंटाळा करतात, अशी माझी समजूत, म्हणून सरसकट सगळ्यांना दरडावायची. त्याला शिस्त म्हणायची. त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावेनं दिलं ते मायेनंच. पण महिने सरतात तसं दुधातलं प्रोटीन उतरत जातं. तिच्या गुटगुटीत पोराला ते पुरत होतं, कारण त्याचा वरणभात सुरू झाला होता. उलट लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रोटीन जरा जास्तच असतं. पूजाची ती वाटीतली चार थेंबांची कमाई आम्हाला हवी होती आणि घरी निघणारे तेवढे थेंब ती लाजेनं टाकून देत होती.

सरांना सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. त्यांनी जावेच्या रक्ताच्या तपासण्या करायला लावल्या, कारण दुसऱ्या बाईचं दूध तपासल्याशिवाय देत नाहीत. रिपोर्ट चांगले आले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. तोवर पूजाचं दूध कमी पडेल तेवढा लवकर जन्मलेल्या बाळांचा फॉर्म्युला, म्हणजे डब्यातलं पावडरचं दूध, सुरू केला होता.

पूजाला मी तिथेच ठेवून घेतलं. घरचं सगळं जावेनं अंगावर घेतलं. बाळ दिवसभर आईच्या छातीशी, दर तीन तासांनी दूध काढायचं. चौथ्या दिवशी वाटी अर्धी भरली. आठवड्यानं युरिया वर आला आणि एका सकाळी काट्यानं बावीस ग्रॅम जास्त दाखवले. मी पूजाला बोलावून आकडा दाखवला. तिनं तो दोनदा वाचला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. मीही रडले, सरांसमोर.

पुढे नोकरीत युरिया खाली आल्याचे रिपोर्ट पुष्कळ पाहिले. दर वेळी सर पावडर वाढवायचे. मी आधी स्वतःचा आवाज कमी करायची, आईला आत बोलवायची आणि मगच दुधाचं विचारायची.