ताग्यांआडचं जर्मन

जुन्या जालन्यातल्या दुकानात कापड मोजून देणारे हे काका दोन वर्षं मोबाइलवर जर्मन शिकत होते. गिऱ्हाईक खोळंबलं तरी ताग्यांच्या ढिगाआड तोंड घालून धड्यातलं वाक्य म्हणायचे. चुकलं की पुन्हा.

"नातीशी बोलायचंय. लेकानं तिला मराठी शिकवलीच न्हाई," एवढंच सांगायचे. मला त्या लेकाचा राग यायचा.

परवा अस्तर घ्यायला गेलो, तर मोबाइल पालथा पडलेला.

"काका, आज धडा न्हाई?"

"काल जर्मनीहून फोन आल्ता. नात बोलली, अन् पहिल्यांदाच पुरं वाक्य बराबर समजलं."

"मंग? काय म्हणली?"

काकांनी टर्रकन अस्तर फाडलं.

"बापाला विचारत होती, हा माणूस कोण आहे?"